पॅनल उन्हात, पाणी सावलीत

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरात घराच्या अंगणात कडुलिंबाखाली सिमेंटचं जलपात्र आहे, दीड फूट रुंदीचं. त्यात तुम्ही बाजारात मिळतो तो तरंगणारा सोलर कारंजा सोडला. तो अडखळत चालतो, चाललाच तर दुपारपर्यंत भांडं कोरडं करतो, दीड महिन्यात घरघरायला लागला आणि आधी रोज येणारे बुलबुल आता फांदीवरूनच बघून जातात. पाणी हलतं राहिलं की डास होणार नाहीत, या विचाराने तुम्ही हा खर्च केला. आता जास्त वॅटचा पंप घ्यावा का, असं विचारलंय.

माझं म्हणणं, घेऊ नका. मी सुरुवात कूलर दुरुस्तीपासून केली. आता बरीच वर्षं लहान सोलर पंप, बागेतलं ठिबक आणि पाण्याची बारीकसारीक कामं करतो. पक्ष्यांच्या पाण्यासाठी बसवलेले पंप बंद पडून माझ्याकडे येतात, त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. पॅनलला ऊन लागतं आणि पक्ष्यांच्या पाण्याला सावली. तरंगत्या कारंज्यात पॅनल आणि पाणी एकाच जागी अडकलेलं असतं. भांडं उन्हात ठेवलं तर पंप छान चालतो, पण पाणी तापतं, हिरवं होतं आणि उडून जातं. भांडं कडुलिंबाखाली ठेवलं तर पाणी गार राहतं, पण पंप उपाशी राहतो. तुम्ही भांडं सावलीत ठेवलंय ते बरोबरच आहे, ते तिथून हलवू नका. पॅनल तेवढा तिथून काढायचा आहे.

कडुलिंबाची सावली आपल्या डोळ्यांना विरळ वाटते. खाली कवडसे पडलेले असतात, थोडं तरी ऊन मिळत असेलच, असं मन म्हणतं. पॅनलचा हिशेब वेगळा आहे. त्यातले छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि एका सेलवर सावली आली की अख्ख्या साखळीतला प्रवाह तेवढाच खाली येतो. एका गिऱ्हाइकाच्या अंगणात मी १० वॅटचा पॅनल कडुलिंबाखाली धरून मीटर लावला होता. व्होल्टेज १९ दाखवत होतं. घरमालक म्हणाले, बघा, करंट तर येतोय. मग मीटरची तार १० अँपिअरच्या खाचेत घातली आणि पॅनलची दोन्ही टोकं थेट मीटरला लावली. लहान पॅनलला याने काही होत नाही. आकडा आला ०.०७ अँपिअर. तोच पॅनल हातात धरून चार पावलं उन्हात गेलो, तर ०.५८. व्होल्टेजमध्ये जेमतेम दोनाचा फरक, आणि प्रवाह आठपट. व्होल्टेज बघून जागा ठरवणारे सगळे इथेच फसतात. तुमच्याकडे साधा मल्टिमीटर असेल तर हीच चाचणी सकाळी ८ ला, दुपारी १२ ला आणि संध्याकाळी ४ ला करा, आणि पॅनलची जागा त्या आकड्यांवरून ठरवा.

वायर लांब झाली की वीज वाया जाते, अशी भीती बरेच जण घालतात. एवढ्या छोट्या कामात ती भीती बाळगू नका. अर्धा अँपिअर प्रवाह, ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी दुहेरी वायर आणि १० मीटर अंतर धरलं, तर घट पाव व्होल्टच्या आत राहते. म्हणजे पॅनल खुशाल कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर लावा आणि वायर झाडापर्यंत आणा. फक्त ती उघडी टाकू नका. माझ्या स्वतःच्या अंगणात खारींनी ती दोन जागी सोलून ठेवली होती, आणि पंप का चालत नाही ते शोधण्यात माझे दोन रविवार गेले. तेव्हापासून वायर पीव्हीसी पाइपातूनच नेतो आणि जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवतो. चिकटपट्टीचा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

आता कारंज्याचं. पक्ष्यांना उंच उडणाऱ्या धारा आवडतात हा समज कुठून आला माहीत नाही. मला तरी उलटंच दिसत आलंय. बुलबुल, दयाळ, साळुंकी हे पाणी बघण्याआधी पाण्याचा आवाज ऐकून येतात, आणि तो आवाज थेंबाचा असला तरी पुरतो. फसफस उडणारी, वाऱ्याबरोबर दिशा बदलणारी धार त्यांना बुजवते. शिवाय दीड फुटाच्या भांड्यात फूट-सव्वा फूट धार उडाली की नागपूरच्या वाऱ्यात अर्धं पाणी बाहेर जाणारच. धार मध्यापासून काठापर्यंत जेवढं अंतर आहे त्याहून उंच नको, आणि वारा असेल तर त्याच्या निम्मीच हवी. तुमचा कारंजा मोकळा तरंगतो, म्हणजे तो काठाला जाऊन टेकला की धारेचा मोठा भाग थेट जमिनीवर पडतो. भांडं दुपारीच कोरडं होण्यामागे ऊन आहेच, पण मुख्य कारण हे.

घरघर का सुरू झाली तेही यातच आलं. या पंपातला पंखा एका बारीक दांड्यावर फिरतो आणि त्या दांड्याला वंगण पाण्याचंच असतं. भांडं आटलं आणि ऊन मात्र आहे, अशा वेळी पंप कोरडाच फिरत राहतो. बॅटरी नाही, बटण नाही, त्याला थांबवणार कोण? दांडा ज्या भोकात फिरतो ती प्लॅस्टिकची बुश तापते, तिचं भोक ढिलं होतं आणि पंखा डुगडुगायला लागतो. असा पंप मी सहसा दुरुस्त करत नाही. पंखा काढून, केस आणि शेवाळ साफ करून बघा. कचऱ्याचा आवाज असेल तर जाईल. बुशच गेली असेल तर तो ठेवून द्या.

मी तुमच्या जागी काय बसवेन ते सांगतो. झाकण असलेली २० लिटरची बादली जलपात्राच्या बुंध्याशी, सावलीत. तिच्यात पाण्याखाली छोटा १२ व्होल्टचा ब्रशलेस पंप, म्हणजे मोटरीत घासणारे ब्रश नसलेला. पंपाच्या तोंडाला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीच्या एका फाट्यातून जास्तीचं पाणी पुन्हा बादलीतच पडतं. दुसऱ्या फाट्यातून ठिबकची ४ मिलिमीटरची बारीक नळी जलपात्राच्या वर जाते, तिला मध्ये एक छोटा कॉक. नळीचं टोक जलपात्रावर पाच-सहा इंच उंच एका वाकवलेल्या तारेला बांधायचं आणि थेंब खाली ठेवलेल्या दगडावर पाडायचा. दगडावर पडलेल्या थेंबाचा आवाज पाण्यात पडलेल्यापेक्षा स्वच्छ येतो आणि पाणी चहूकडे पसरतं.

भांड्यातलं पाणी परत बादलीत मात्र आणायचं नाही. बरेच जण हौसेने भांड्याला भोक पाडून पाणी फिरतं ठेवतात, मीही आधी तसंच करत होतो. मग पिसं, विष्ठा, कावळ्याने भिजवायला आणलेले पोळीचे तुकडे हे सगळं बादलीत जातं. पंप आठवड्यात तुंबतो आणि घाण पाणीच पुन्हा वर चढतं. एकाच दिशेने जाणारं पाणी बरं. हिशेबही छान बसतो. सलाईनच्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचं एक मिलिलिटर धरतात. तेच माप इथे लावलं तर सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मिलिलिटर, आणि ऊन असलेल्या ९-१० तासांत पावणेदोन लिटरच्या आसपास. दीड फुटाच्या भांड्याचा पृष्ठभाग असा आहे की एक सेंटिमीटर पाणी उडालं तर १.६ लिटर जातं, आणि मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला साधारण तेवढं उडतंच. म्हणजे वरून पडतं तेवढं उडून जातं, पातळी राहते, आणि २० लिटरची बादली आठवडाभर पुरून तळाला पंप बुडेल इतकं पाणी उरतं. पक्ष्यांनी अंग झटकून उडवलेलं पाणी वेगळं. त्यासाठी सकाळी तांब्याभर पाणी भांड्यात ओतायची सवय ठेवा.

थेंबासाठी ठिबकचा दाब-नियंत्रित ड्रिपर वापरू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण दुकानदार तोच हातात ठेवतात. तो शेतातल्या दाबासाठी बनवलेला असतो. नळीच्या टोकाशी तुमच्या पंपाचा दाब दीड-दोन मीटर पाण्याच्या उंचीइतका, तेवढ्यावर तो उघडतच नाही. नुसती उघडी नळी आणि कॉक हेच चालतं.

पंप घेताना लेबलवर दोन गोष्टी बघा. पहिली उंची. ‘१ मीटर’ लिहिलेला पंप १ मीटर उंचीवर पाणी देतो, असं वाटतं, पण त्या उंचीवर त्याचा प्रवाह शून्य झालेला असतो. तुमचं जलपात्र कमरेएवढं आहे, तेव्हा ३ मीटर लिहिलेला पंप घ्या. तासाला २४० लिटरचा, ४-५ वॅटचा मिळतो, तो पुष्कळ झाला. दुसरी व्होल्टेज. ‘१२ व्होल्टचा’ म्हणून विकला जाणारा पॅनल भार नसताना २१-२२ व्होल्ट देतो. पंपावर कमाल १२ लिहिलं असेल तर त्यातलं सर्किट एखाद्या कडक उन्हाच्या सकाळी जाईल. कमाल २४ पर्यंत सोसणारा पंप मिळाला तर थेट जोडा, नाहीतर मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट, लावून ते १२ वर आणा. मोबाइलच्या चार्जरवर चालणारे ५ व्होल्टचे पंप या पॅनलला थेट लावायचा विचारही करू नका.

पॅनल पंपाच्या दुप्पट वॅटचा तरी घ्यावा. कागदावरचे १० वॅट हे २५ अंश तापमानाचे असतात. नवतप्यात पॅनल हाताला चटका बसेल इतका, ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि दर अंशाला सुमारे ०.४ टक्के ताकद जाते. म्हणजे १६ टक्के तिथेच गेले, वरून धूळ. कडक उन्हात ऊन भरपूर, तरी पंप मंदावतो, त्याचं कारण हेच.

वेळेचा विचार मात्र थोडा जास्त करावा लागतो. पक्षी पाण्यावर येतात सकाळी ऊन चढण्याआधी आणि पुन्हा साडेचारनंतर. भर दुपारी पंप जोरात असतो तेव्हा सातभाईंचा थवासुद्धा झाडात गप्प बसलेला असतो. नेमकं पक्ष्यांच्या वेळेला सूर्य खाली असतो आणि सपाट ठेवलेला पॅनल अर्धपोटी. यावर बॅटरी लावावी असं बहुतेकांना सुचतं. मी लावत नाही. बंद डब्यातली लिथियम बॅटरी आपल्या उन्हाळ्यात एक-दोन मोसमांत दम तोडते, आणि रात्री थेंब पाडून उपयोगही नाही. त्याऐवजी एका मोठ्या पॅनलच्या जागी दोन लहान घ्या. एक पूर्वेकडे, दुसरा पश्चिमेकडे तोंड करून उभट ठेवा, आणि दोन्ही समांतर जोडा, म्हणजे प्लस प्लसला, मायनस मायनसला. प्रत्येकाच्या वायरीत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड टाका, म्हणजे सावलीतला पॅनल उन्हातल्याची वीज खाणार नाही. दुपारी थोडं कमी मिळेल, पण सकाळी सातच्या सुमाराला थेंब सुरू होईल. पूर्व-पश्चिम मोकळी जागा नसेल, एकच भिंत मिळत असेल, तर दक्षिणेकडे तोंड आणि २०-२१ अंशांचा कल ठेवा. नागपूरचं अक्षांशही तेवढंच आहे. मेच्या शेवटी दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा कलाने फारसा फरक पडत नाही. हिवाळ्यात पडतो.

इथे एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुम्हाला फक्त थेंबाचा आवाज हवा असेल आणि फांदीला पाच लिटरची कॅन रोज टांगणं जमत असेल, तर पंपाची गरजच नाही. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा, सीलबंद सेट आणा, दवाखान्यात वापरलेला अजिबात नको. कॅनच्या बुचाला लावा, चाक फिरवून सेकंदाला एक थेंब करा. पंधरा दिवस असं करून बघा. पक्षी त्यावर आले तरच पुढचा खर्च करा. पंपाने तुम्हाला मिळतं ते इतकंच, की जड पाणी वर टांगावं लागत नाही, ते आठवड्याला एकदाच भरावं लागतं, आणि रात्री थेंब आपोआप थांबतो. घरात वयस्कर माणसं हे काम बघणार असतील तर तेवढ्यासाठीसुद्धा पंप वसूल होतो.

डासांच्या बाबतीत मात्र पंपावर विसंबू नका. पाणी हलतं असलं की मादी अंडी घालायला कचरते हे खरं. पण थेंबाने मधलं पाणी हलतं, काठाची कड शांतच राहते. सोलर पंप सूर्यास्ताला थांबतो, आणि रात्री अंडी घालणारे क्यूलेक्स डास तेव्हाच येतात. डेंगीचा एडिस डास दिवसा येतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. कूलरच्या टाकीत मी हे वर्षानुवर्षं बघतोय. मार्चमध्ये गेल्या वर्षीची टाकी नुसती विसळून पाणी भरतात, आणि आठवड्याने त्यात अळ्या वळवळताना दिसतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात ७ ते १० दिवस लागतात. म्हणून दर सातव्या दिवसाच्या आत भांडं उपडं करायचं, काथ्याने किंवा ताठ ब्रशने भिंत घासायची आणि तासभर उन्हात कोरडं होऊ द्यायचं. पाण्याच्या रेषेवर हात जास्त चालवा, अंडी तिथेच असतात. बादलीही त्याच दिवशी रिकामी करा. झाकणातून नळी आणि वायर जाते तिथल्या फटीवर बारीक जाळी बांधा. मी पहिल्यांदा ही जाळी लावायला विसरलो होतो. वर पक्ष्यांसाठी स्वच्छ पाणी, आणि खाली झाकलेल्या अंधाऱ्या बादलीत अळ्यांचा ढीग. फार वाईट वाटलं होतं.

शेवाळ जावं म्हणून मोरचूद, फिनेल, क्लोरीनची गोळी किंवा डासांसाठी रॉकेल-तेल, यातलं काहीही पाण्यात टाकू नका. तेलाने पिसं चिकटतात आणि पक्ष्याला ना ऊब राहते ना उडता येतं. घासणं हेच औषध. बोअरचं पाणी वापरत असाल तर नळीच्या टोकाला आणि पंख्यावर पांढरा क्षार बसेल. महिन्यातून एकदा पंप, कॉक आणि नळीचं टोक लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा. नळाचं पाणी मिळत असेल तर तेच भरा.

भांड्याची खोली तुम्ही लिहिली नाही. काठाशी एक इंच, मध्ये दोन, याहून जास्त नको. सिमेंटचं भांडं एकदम खोल उतरत असेल तर खरखरीत चपटे दगड टाका, चिमणी आणि चष्मेवाला पक्षी त्यावरच उभे राहून पितात. भोवती पाच-सहा फूट झुडूप नको, मांजर तिथेच दबा धरतं. वरची कडुलिंबाची फांदी मात्र राहू द्या, ओली पिसं घेऊन पक्षी आधी तिथेच जातो.

पावसाळ्यात जुलैपासून पंप काढून धुऊन कोरडा ठेवा आणि भांडं उपडं करा. ढगाळ दिवसात तो नीट चालत नाही, पक्ष्यांना पाणी सगळीकडे मिळतं, आणि डेंगीचे महिने तेच असतात.

सगळं बसवल्यावर लगेच पक्षी येतील अशी अपेक्षा ठेवू नका. नवी तार, नवी नळी, खालची बादली हे सगळं त्यांना परकं असतं. रोज जागा बदलून बघू नका, आहे तिथेच राहू द्या. साळुंकी बहुधा पहिली येते, तिच्या मागे बुलबुल. आणि तारेचं टोक थोडं लांबवून थेंब शेजारच्या कर्दळीच्या पानावर पडू दिला तर शिंजीरही येईल. तो भांड्यात सहसा उतरत नाही. ओल्या पानावर पोट घासत खाली घसरतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा घसरतो. तुमच्या मीटरचे तीन वेळचे आकडे आणि भिंतीचा फोटो टाकलात तर पॅनल नेमका कुठे ठोकायचा तेही सांगेन.